पाठीवरची बटणं

तेरासा, रविवार, २० सप्टेंबर १९६४

सासूबाई,

आम्ही बार्सिलोनामार्गे सुखरूप पोचलो. तुम्ही विचारलं नाहीत आणि विचारणारही नाही, पण पत्राचं पहिलं वाक्य तरी चांगलं असावं म्हणून लिहिते. आणि पाउलाबाई, हे पत्र सासूबाईंना तुम्हीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. गावातली सगळी पत्रं पाद्रीबाबांच्या बहिणीकडेच येतात, आणि जिथे तुम्हाला अवघड वाटतं तिथे तुम्ही खोकता आणि दोन ओळी खाली उतरता. या पत्रात खोकायचं नाही. जसं लिहिलंय तसं वाचा.

मी पोर पळवली असं तुम्ही एव्हाना गावभर सांगितलं असेल. पळवणारी बाई भर दुपारच्या बसने जात नाही, सासूबाई. अख्खं गाव चौकात बसलं होतं. तुम्ही लोरेतोच्या सुटकेसवर बसलात. ड्रायव्हरने विनवलं, इसिदोरो भाऊजींनी हाताला धरलं, तरी हलला नाहीत. सुटकेस अडवली की पोर थांबेल असं तुम्हाला वाटलं. मी सुटकेस सोडली आणि पोर घेतली. इतकंच झालं. याला पळवणं म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

दोन वर्षांपूर्वी मीच तिला तुमच्या दारात आणून सोडली होती, हे मी विसरलेले नाही. पुराने घर नेलं, तुमच्या मुलाला, माझ्या ब्लासला नेलं, आणि मी गिरणीतल्या पाच बायकांबरोबर एका खोलीत झोपत होते. तिथे साडेचार वर्षांच्या पोरीला कुठे ठेवणार होते? तुम्ही तिला जवळ घेतलंत. ती तुमच्याकडे अंगाने भरली, हसायला लागली. त्याचे उपकार मी शंभरदा मानीन. पण तेव्हा तुम्ही ‘सांभाळते’ म्हणाला होतात. ‘ठेवून घेते’ असं म्हणाला असतात तर मी तेव्हाच परतीचं तिकीट काढलं असतं.

आता मला दोन खोल्या मिळाल्यात. खाली तेक्लाबाई म्हणून घरमालकीण राहतात, विधवाच, इथल्याच. बोलतात इथल्या भाषेत आणि भांडतात आपल्या भाषेत, म्हणजे मला समजावं म्हणून. घर उंचावर आहे, ओढ्यापासून लांब. हे वाक्य पाउलाबाईंनी दोनदा वाचावं.

लोरेतोचं नाव शाळेत घातलं. इथल्या शाळेत पोरं कपड्यांवरून रेघांचा झगा घालतात, मुलगे निळ्या रेघांचा, मुली लाल रेघांचा. बटणं पुढून. तेक्लाबाईंच्या नातीचा जुना होता तो मी आखूड करून घेतला. लोरेतोने तो बघितला आणि म्हणाली, “हा माझा नाही.” मी म्हटलं, तुझाच आहे. तेव्हा तिने विचारलं, “मग माझे पांढरे कुठे आहेत?”

ते तुमच्या बुडाखालच्या सुटकेसमध्ये आहेत असं मी तिला सांगितलं नाही.

तुमची सून,
विसिता


तेरासा, रविवार, ११ ऑक्टोबर १९६४

सासूबाई,

पार्सल मिळालं. सुटकेसमधलं बाकी काही नाही, बूट नाहीत, लोकरीचं जाकीट नाही, नेमके चार पांढरे झगे. कडक खळ घातलेले, घड्या अशा की सुका पाव मोडावा तसा आवाज झाला. छातीवर निळ्या दोऱ्याने ‘लोरेतो’. लढाई कशी करायची हे कुणी तुमच्याकडून शिकावं.

सोबतचं पत्रही वाचलं. अक्षर पाउलाबाईंचं, पण जीभ तुमचीच. म्हणे पांढरा झगा म्हणजे स्वच्छता, रेघा म्हणजे मळ लपवायची सोय. हो, सोयच आहे. इथे धुराड्यांची काजळी पडते. सकाळी वाळत घातलेली चादर दुपारी राखाडी होते. तुमच्याकडे आकाशातून ऊन पडतं म्हणून पांढरं परवडतं. आणि म्हणे बटणं पुढून लावतात ते दुकानदार आणि गिरणीवाल्या बायका. ज्या पोरीला कुणीतरी आहे तिची बटणं पाठीवर असतात, कारण ती लावायला कुणाचा तरी हात लागतो. हे मात्र मला झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलंत, तेव्हा झोंबलं असं सांगून टाकते.

मी गिरणीवालीच आहे. माझी बटणं पुढूनच आहेत. ती लावताना मला कुणाची वाट पाहावी लागत नाही, आणि मला ते आवडतं.

आता ऐका तुमच्या पार्सलने काय केलं. लोरेतोने रेघांचा झगा काढला, पलंगाखाली सारला आणि पांढरा पुढे करून माझ्याकडे पाठ केली. मी म्हटलं शाळेत चालणार नाही. ती म्हणाली आजीने पाठवलाय. मी दरडावलं, समजावलं, साखर पेरलेली तेल-पोळी दिली. तिने पोळी खाल्ली आणि पाठ तशीच. कुणावर गेलीय हे मला विचारू नका. सुटकेसवर बसणाऱ्यांचं रक्त आहे ते.

शेवटी घातला. पहिल्याच दिवशी पोरांनी तिला ‘पाववाली’ केलं. इथे पांढऱ्या झग्यात फक्त बेकरीवाला असतो. अंगणात ती आली की पोरं इथल्या भाषेत ओरडायची, एक किलो द्या, चांगला भाजलेला द्या. तिला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. घरी येऊन तिने मला ‘पाववाली’ म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, मग उद्यासुद्धा पांढराच घालणार.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. बाई वाईट नाहीत, गोऱ्यापान, नाकात बोलणाऱ्या. म्हणाल्या की पोरीच्याच भल्यासाठी सांगते, पांढऱ्यामुळे ती बाहेरची आहे हे लांबून दिसतं. मी गिरणीच्या पाळीवरून थेट गेले होते, केसांत लोकरीचा कोंडा. मी म्हटलं, “बाई, हिचा बाप याच गावच्या पुरात गेला. इथल्याच मातीत आहे. आता आणखी किती आतलं व्हायचं हिने?”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, बरं, राहू द्या पांढरा.

हे मी तुमच्यासाठी केलं नाही, सासूबाई. मला स्वतःला तो झगा आवडत नाही. रोज धुवा, खळ करा, इस्त्री करा, माझे हात मोडतात. पण माझ्या पोरीने काय घालायचं नाही हे गल्लीतल्या कार्ट्यांनी ठरवायचं नाही. आणि तिकडे दक्षिणेत, हाएनच्या डोंगरात बसून तुम्हीही ठरवायचं नाही.

विसिता


तेरासा, सोमवार, २ नोव्हेंबर १९६४

सासूबाई,

आज मृतांचा दिवस. ब्लासला पिवळी शेवंती वाहिली, लोरेतोने दोन भाजलेल्या चेस्टनट ठेवल्या. काल संध्याकाळी इथे घरोघर त्या भाजतात. ब्लासला फार आवडायच्या. गावातल्या दफनभूमीत बापाशेजारी जागा होती, असं तुम्ही दरवर्षी लिहिता. असेल. पण तो इथे जगायला आला होता आणि मी इथे जगतेय, त्यामुळे तो इथेच राहील.

आता हिलारियाबद्दल. आपल्या गावची, आता आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, दिवसभर बाल्कनीत. तिने तुम्हाला कळवलं की, कुस्तोदियाबाई, तुमची नात उघड्या पाठीने शाळेत जाते, झग्याचे दोन पंख वाऱ्यावर फडफडत असतात, आतलं स्वेटर दिसतं, आणि आईचा पत्ता नसतो. तुम्ही लिहिलंत, “माझ्या नातीच्या पाठीला एक हात मिळत नाही का त्या शहरात?”

खरं आहे ते. मी लपवणार होते, पण हिलारियाने लपवू दिलं नाही.

माझी पाळी पहाटे पाचला सुरू होते. मी निघते तेव्हा लोरेतो झोपलेली असते. आठ वाजले की तेक्लाबाई खालून छताला झाडूचा दांडा हाणतात, लोरेतो वरून पाय आपटते, म्हणजे उठले. दूध चुलीवर झाकलेलं असतं. ती पिते, तोंड धुते, कपडे घालते, जाते. सात वर्षांची होईल मार्चमध्ये. सगळं करते, फक्त तुमची ती चार बटणं तेवढी तिच्या हाताला पोचत नाहीत.

तेक्लाबाईंनी जिन्यात थांबवून लावते म्हटलं. लोरेतोने नको म्हटलं. ही बटणं आजीची आहेत, ती आजी लावते नाहीतर आई लावते, असं तिने त्यांना सांगितलं आणि भिंतीला पाठ घासत उतरली. तेक्लाबाईंनी मला दुपारी हे सांगितलं तेव्हा मला त्या पोरीला एक लगावावी असं वाटलं आणि मी जिन्यातच रडले. पाउलाबाई, हेही वाचा. मी रडले हे त्यांना कळू दे. पण पुढचंही वाचा: मी पाळी सोडणार नाही. पाळी सोडली तर घर जातं, आणि घर गेलं की पोर तुमची. एवढा हिशेब मला येतो.

रात्री मी झगा उसवायला कात्री घेतली, बटणं पुढे आणते म्हटलं. लोरेतोने झगा छातीशी धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कात्री परत डब्यात टाकली.

विसिता


तेरासा, मंगळवार, ८ डिसेंबर १९६४

सासूबाई,

आज सणाची सुटी आहे, म्हणून सविस्तर.

तुमचं पत्र आलं, आणि त्यात पाद्रीबाबांची चिठ्ठीही. आईने टाकलेल्या मुलाबाबत आजीला काय करता येतं हे त्यांनी विचारून ठेवलंय म्हणे. ऑलिव्हची तोडणी संपली की इसिदोरो भाऊजी येऊन पोरीला घेऊन जातील, असंही लिहिलंय. घेऊन जातील! गोण उचलून न्यावी तसं.

पाद्रीबाबांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, टाकलेली पोर कशी असते? जी सोमवार ते शनिवार शाळेत जाते ती? आणि मग हेही विचारा की आज, आठ डिसेंबरला, गावातल्या शाळेत किती पोरं आहेत? सणाचं सोडा, उद्या किती असतील? मी त्या गावात जन्मले, सासूबाई. तोडणी सुरू झाली की पांढरे झगे खुंटीला लागतात ते थेट फेब्रुवारीत उतरतात. पोरं गुडघ्यावर बसून झाडाखालची ऑलिव्ह वेचतात. जमीन गोठलेली असते, बोटं सुजतात. मीही वेचलीत. ब्लासनेही. गेल्या हिवाळ्यात लोरेतोनेही वेचली, ते तुम्ही मला कळवलं नाहीत. ते तिने मला सांगितलं, अगदी मजेत, की आजीच्या शेजारी बसून वेचायला मजा आली. मला मजा वाटली नाही.

तुमचा झगा पांढराशुभ्र राहतो कारण वर्षातले तीन महिने तो कुणी घालतच नाही. आमच्या रेघांना मळ लागतो, पण त्या रोज शाळेत जातात. स्वच्छतेचा धडा मला पुन्हा देऊ नका.

रागावलात? रागवा. आता एक गंमत सांगते, ती ऐकून तुम्हाला हसू आलं तर पाउलाबाईंनी मला कळवावं.

मागच्या पत्रानंतर आठवडाभरातली गोष्ट. मी दुपारी घरी आले तर लोरेतो अंगणातून येत होती, झगा अंगावर घट्ट, चारही बटणं लागलेली. मला वाटलं तेक्लाबाईंपुढे हार मानली. जवळ आल्यावर बघते तर बटणं पुढे! पोरीने झगा उलटा घातला होता, पाठ पुढे, पोट मागे. गळा हनुवटीला टेकत होता. वळली तेव्हा दोन्ही खांद्यांच्या मधोमध तुमचं निळं ‘लोरेतो’.

मी विचारलं हे काय. म्हणाली, “झगा आजीचाच आहे. लावला मी.”

मी हसले, खाली तेक्लाबाई खुर्चीवर बसून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लोरेतो हसली नाही. तिला यात हसण्यासारखं काय आहे ते समजेना. तिने प्रश्न सोडवला होता.

शाळेत पहिल्या दिवशी गोंधळ झाला असेल, पण मग वेगळंच घडलं. इथे पोरं रांगेत उभी राहतात, प्रार्थनेला रांग, दुधाला रांग, बाहेर पडायला रांग. हिच्या मागे जो उभा त्याच्या डोळ्यांसमोर हिचं नाव. दोन आठवड्यांत सगळ्या वर्गाला ते पाठ झालं. आता अंगणातून हाक येते ती ‘लोरेतो’ अशी. पाववाली कुणी म्हणत नाही. बाई म्हणाल्या, काही नवीन पोरांना अक्षरं ओळखायला तिची पाठ उपयोगी पडते.

बटणं पाठीवर असली म्हणजे पोरीला कुणीतरी आहे, असं तुमचं म्हणणं. ती उलटी करून पुढे घेतली म्हणून ती अनाथ झाली नाही. इसिदोरो भाऊजींना पाठवा. दार उघडं आहे. पण रिकाम्या हाताने परत जातील.

विसिता


तेरासा, रविवार, २१ फेब्रुवारी १९६५

सासूबाई,

भाऊजी परवाच्या गाडीने गावी पोचले असतील आणि तुम्ही त्यांना फाडून खाल्लं असेल. त्यांना बोलू नका. काय झालं ते माझ्याकडून ऐका, कारण त्यांना नीट सांगता येणार नाही. तुमच्या मुलांना सांगता येत नाही. ब्लासलाही येत नव्हतं.

ते सोमवारी संध्याकाळी आले. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात लोरेतोची ती सुटकेस, रिकामी. रिकामी कशासाठी ते मला समजलं. लोरेतो त्यांच्या गळ्यात पडली, त्यांच्या खिशात हात घालून अक्रोड काढले. मी मसूर रांधला. जेवताना ते मान खाली घालून होते. शेवटी म्हणाले, “वहिनी, मला हे काम नको होतं. पण आई जेवत नाहीये.”

मी म्हटलं, “भाऊजी, जेवत नाही असं तुम्हाला पाठवताना म्हणाल्या असतील. तुम्ही बसमध्ये चढलात की ताटावर बसल्या असतील.”

ते हसले, आणि लगेच डोळे पुसले. मग त्यांनी लोरेतोला समोर उभं केलं आणि गावात पोरांना विचारतात तसं विचारलं, कुणाची गं तू? ती म्हणाली, ब्लासची आणि विसिताची. बरोबर उत्तर होतं, पण त्यांना ते नको होतं. त्यांनी विचारलं, आजीकडे यायचं का? उद्या सकाळी दहाची गाडी आहे.

हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, सासूबाई. तिचा चेहरा असा झाला की मला कळलं, तिला यायचं आहे. तुम्ही, तुमची कोंबडी, तुमच्या चुलीजवळचं ते बुटकं स्टूल, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती म्हणाली, “काका, उद्या शाळा आहे.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, बघू सकाळी.

आता मुद्दा हा की सकाळी मी घरी नसते.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी सगळे उपाय मोजले. पाळी बुडवावी, तर मुकादम आधीच टपलेला आहे. तेक्लाबाईंना दारात बसवावं, तर त्या झाडू घेऊन बसतील आणि भाऊजींचं डोकं फुटेल. लोरेतोला उचलून गिरणीत न्यावं, तर दारावरच अडवतील. आणि मग मला स्वतःचाच राग आला. मी पाच महिने तुम्हाला लिहितेय की ही पोर इथे राहते, इथली आहे, आपली आपण उठते, जाते. आणि एक माणूस रिकामी सुटकेस घेऊन आला की मी तिला राखत बसायचं? मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? तुम्ही सुटकेसवर बसलात, मी उंबरठ्यावर बसते.

मी साडेचारला उठले. भाऊजी जागे होते, खुर्चीवर. मी दूध झाकलं, शाल घेतली. त्यांना म्हटलं, “मी कामावर चाललेय. ती आठला उठेल. तिला काय करायचं ते ती करेल. तुम्ही तिला हाताने ओढून नेलंत तर नेऊ शकता, तुमची ताकद जास्त आहे. पण ओढूनच न्यावं लागेल, आणि ते गल्ली बघेल.”

ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही जाताय?” विश्वासच बसला नाही त्यांचा. मी गेले.

ती पाळी कशी गेली ते मी कुणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही. दोनदा धागा तुटला आणि मला दिसला नाही. शेजारच्या मागावरच्या बाईने येऊन जोडला. दहा वाजता गाडीची शिटी झाली. गिरणीत मागांच्या आवाजात शिटी ऐकू येत नाही, पण मला आली.

एकला सुटले. पळाले नाही. पळाले असते तर मी हरले असते, असं काहीतरी डोक्यात होतं. गल्लीत वळले तर हिलारिया बाल्कनीतून वाकून बघत होती. घराच्या पायरीवर भाऊजी बसले होते. शेजारी सुटकेस. मी विचारलं, कुठे आहे? ते म्हणाले, वर. जेवायला आलीय. तीनला परत शाळा आहे म्हणाली.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी मला सांगितलं, तुटक तुटक. खालून दांडा वाजला, पोरीने पाय आपटला. दूध प्यायली, त्यांनाही अर्धं दिलं. झगा घातला. ते म्हणाले ये, बटणं लावतो. तिने नको म्हटलं, मग त्यांच्याकडे बघून म्हणाली की हवं तर एक लावा, वरचं, ते मला घट्ट लागतं. त्यांनी एक लावलं. ती म्हणाली, उशीर होतोय, काका, तुम्ही येताय का?

आणि तुमचा मुलगा, ज्याला तुम्ही पोर आणायला पाठवलं होतं, तिचं दप्तर घेऊन तिच्या मागे मागे शाळेपर्यंत गेला. म्हणाला, “वहिनी, दार येईपर्यंत माझ्यासमोर तिचं नाव होतं. तिला मागे वळून बघावं लागलं नाही. मी येतोय हे तिला माहीतच होतं.”

तिला तुमची आठवण येत नाही असं समजू नका. भाऊजी गेले त्या संध्याकाळी ती जेवली नाही. रिकामी सुटकेस त्यांनी इथेच ठेवली आहे, तिच्यात ती आता तिची चित्रं ठेवते. तिला तुम्ही हव्या आहात. हे लिहिताना मला त्रास होतो, तरी लिहिते. मलाही माझ्या पोरीच्या आयुष्यात एक म्हातारी हवी आहे जी माझ्याशी भांडेल. तेक्लाबाई फार समजूतदार आहेत, मजा येत नाही.

निघताना भाऊजी दारात अडखळले. म्हणाले, आईने विचारायला सांगितलंय, पोर किती वाढली? खांदा किती, उंची किती, बाही कुठवर? नवे झगे बेतायचे आहेत. म्हणजे पोर आली नाही तर काय करायचं हेही तुम्ही ठरवून ठेवलं होतं, सासूबाई. मला तेव्हा तुमच्याबद्दल काय वाटलं ते मी लिहीत नाही.

पण माप मी देणार नाही. भाऊजींनाही दिलं नाही, या पत्रातही लिहिणार नाही. पाउलाबाई, खोकू नका, हेच मोठ्याने वाचायचं आहे. ज्या गावाने माझा मुलगा खाल्ला, तिथे मी पाय ठेवणार नाही, असं तुम्ही शपथेवर म्हणाला होतात. तुमची शपथ तुमच्यापाशी. माझ्या नवऱ्यालाही त्याच गावाने खाल्लं आणि मी रोज त्यात चालते. माप हवं असेल तर टेप घेऊन या. तिच्या खांद्याला हात लावून घ्या. बटणं पुढे घालायची की मागे, यावर मग समोरासमोर भांडू, आणि मी जिंकीन.

दक्षिणेची गाडी बार्सिलोनाला पहाटे लागते. तिथून आमच्याकडची गाडी साडेसातला इथे येते. त्या वेळी मी मागावर असेन, मला सुटी मिळणार नाही आणि मी मागणारही नाही. त्या दिवशी तेक्लाबाई दांडा लवकर हाणतील आणि स्टेशनवर लोरेतो घ्यायला येईल. बॅग तिच्या हातात देऊ नका, ती हट्टाने घेईल. तिच्या मागून चालत या. तिला रस्ता पाठ आहे.

विसिता